बेकरीत नव्याने लागणाऱ्यांसाठी: काम कधी सुटते, ते आधी विचारावे

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस लागतात, याची बाहेरगावच्या माणसाला गंमत वाटते; बेकरीत काम करणाऱ्याच्या साऱ्या दिवसाचे वेळापत्रक मात्र तिथूनच ठरत जाते. मिसळवाल्याला सकाळी सहाला माल हवा असेल, तर लाईनची, म्हणजे दुकानोदुकानी माल पोचवणारी, गाडी पहाटे साडेचारला निघावी लागते. त्याआधी ब्रेड कापून पिशव्यांत भरलेला हवा, आणि गरम ब्रेड यंत्रावर घातला तर तो कापला न जाता फाटतो, म्हणून भट्टीतून निघाल्यावर त्याला दीड-दोन तास गार होऊ द्यावे लागते. भाजायला अर्धा-पाऊण तास, साच्यात फुलायला तास-सव्वा तास, त्याआधी मळणे, पीठ मुरवणे, गोळे पाडणे. असे मागे मागे मोजत गेले की घड्याळ रात्री साडेनऊच्या आसपास येऊन थांबते. मालक कितीही समजूतदार असला तरी हे गणित त्याला बदलता येत नाही. १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकऱ्यांमधील रात्रीच्या कामावर बंदी घालणारा एक स्वतंत्र करार केला होता आणि त्यात रात्री ११ ते पहाटे ५ हे तास मोकळे ठेवायला सांगितले होते; आपल्याकडे तो कधी लागू झाला नाही, आणि झाला असता तर सकाळची मिसळ दुपारी खावी लागली असती.

मी या धंद्यात हेल्पर म्हणून लागलो, गोळ्यांवरून भट्टीवर गेलो, आणि आता नवीन मुलांना काम शिकवतो. एवढ्या वर्षांत जी माणसे बेकरी सोडून गेलेली पाहिली, त्यांतली जागरणाला कंटाळून गेलेली थोडी होती. जागरणाची सवय होते. ज्याची सवय होत नाही ती गोष्ट म्हणजे काम सुटण्याची वेळ ठरलेली नसणे. रोज सहाला सुटणारा माणूस झोप, जेवण, मुलांची शाळा, तालमीतली बैठक हे सगळे त्या वेळेभोवती बसवू शकतो. आज सहा, उद्या साडेनऊ, परवा आठ अशा वेळांनी सुटणाऱ्याला काहीच बसवता येत नाही. म्हणून पुढे जे सांगितले आहे, त्यातील बरेचसे याच एका प्रश्नाभोवती फिरते.

पहिली पायरी: होकार देण्याआधी

नवीन माणूस पगार विचारतो आणि कधी यायचे ते विचारतो. सुटण्याची वेळ बहुतेक कोणी विचारत नाही. मीही विचारली नव्हती. पहिल्या बेकरीत मला ‘साडेदहाला यायचे’ एवढेच सांगितले होते, आणि नंतरचे तीन महिने मी सकाळी कधी सुटेन हे मलाच ठाऊक नसायचे. माल निघाला की ट्रे घासणे, ट्रे झाले की मैद्याची गाडी उतरवणे, गाडी झाली की दुकानात काउंटरवर माणूस आलेला नाही म्हणून तिथे उभे राहणे. घरी आई सातपासून भाकरी झाकून ठेवायची. दहाला पोचलो की ती काही बोलायची नाही, फक्त आमटी पुन्हा गरम करायची.

तेव्हा हे प्रश्न सरळ विचारावेत: माल निघाल्यावर माझ्याकडे कोणकोणती कामे आहेत? पुढची पाळी किती वाजता येते आणि ती आली नाही तर कोण थांबते? आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? जादा थांबलो तर त्याची नोंद कुठे होते? मालकाला विचारण्याआधी हेच प्रश्न तिथल्या जुन्या कामगाराला चहाच्या टपरीवर विचारावेत, आणि दोन्हीकडची उत्तरे जुळतात का ते पाहावे. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास त्या बेकरीबाहेर एक दिवस नुसते उभे राहून कोण किती वाजता बाहेर पडते ते पाहिले, तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

कायद्याच्या काही गोष्टी तोंडपाठ असाव्यात. आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला, हा नियम १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून चालत आलेला आहे. सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, हेही त्यातच होते. बेकरीच्या कामाला किमान वेतन लागू आहे; कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे दर असतात, आणि महागाईनुसार त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. बेकरीत चारच माणसे असली तरी किमान वेतन चुकत नाही. जिथे दहा किंवा अधिक माणसे आहेत तिथे राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याच्या पगारातून त्यासाठी ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ‘कापून घेतात’ म्हणून पुष्कळ मुले हे नको म्हणतात. भाजलेल्या हाताने पंधरा दिवस घरी बसावे लागले की त्या कपातीची किंमत कळते.

एक छोटी वही घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून तीत दोनच गोष्टी लिहाव्यात: आलो किती वाजता, सुटलो किती वाजता. बाकी काही लिहायची गरज नाही. ही वही पुढे उपयोगी पडते.

दुसरी पायरी: झोप

बेकरीतून सुटलेल्या माणसाला लगेच झोप येत नाही. अंगात भट्टीची ऊब असते, डोक्यात मिक्सरचा आवाज असतो, आणि रस्त्यावर ऊन पडलेले असते. नवीन मुले इथे पहिली चूक करतात: सुटल्यावर चहा, मग गाडीवर मिसळ, मग मित्रांबरोबर रंकाळ्यावर एक चक्कर, आणि घरी पोचेपर्यंत साडेनऊ. तोवर झोपेची पहिली लाट निघून गेलेली असते. त्यांतल्या मिसळीला माझी हरकत नाही. पहाटे चारनंतरच्या चहाला आहे. त्यानंतर चहा पिऊ नये आणि सुटल्यावर सरळ घर गाठावे.

झोपेच्या खोलीची खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाकावी. पातळ पडदा पुरत नाही, कारण उजेड डोळ्यांवर आला की शरीराला सकाळ झाल्याचे कळते. माझ्या ओळखीचा एक भट्टीवाला मैद्याच्या रिकाम्या पोत्यांची दुहेरी शिवण करून ती खिडकीला ठोकतो; त्याच्या खोलीत भर दुपारी हात पुढे धरला तर दिसत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. एका दमात सात तास झोप होत नसेल तर तिचे दोन तुकडे करावेत, सकाळी सात ते बारा आणि संध्याकाळी सहा ते आठ, पण हे तुकडे रोज त्याच वेळी असावेत. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटे वेळापत्रक करून दिवसभर जागे राहिले, की दुसऱ्या रात्री दोन वाजता डोळे मिटू लागतात आणि समोर तापलेला ट्रे असतो.

घरच्यांना हे समजावून सांगणे हा झोपेचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड भाग आहे. दिवसा झोपलेल्या माणसाकडे आपल्या समाजात आळशी म्हणून पाहिले जाते. दुपारी बारा वाजता कोणी पाहुणा आला की ‘अजून झोपलाय व्हय?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर घरच्या बाईला द्यावे लागते. तिला आधीच विश्वासात घेऊन सात ते बारा हे तास घरातल्या सर्वांसाठी ठरवून टाकावेत, आणि त्या बदल्यात चार ते सहा हे तास पूर्णपणे घराचे म्हणून सोडावेत. बेकरीवाल्याला चार वाजता मोकळे असता येते, ही या धंद्यातील खरी चैन आहे. ऑफिसात जाणाऱ्या बापाला मुलगी शाळेतून आलेली दिसत नाही, आम्हाला दिसते. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर दुपारचा सामना असला, की आपल्या पेठेच्या संघासाठी घसा फोडायला रात्रपाळीची माणसे आधी हजर असतात.

वडणगे, शिये, उचगाव, पाचगाव अशा ठिकाणांहून येणाऱ्यांनी पहाटे परतताना मोटारसायकल जपून चालवावी. डोळा लागतो तो एखाद-दुसऱ्या सेकंदासाठीच, पण पुलावर तेवढा पुरतो. डोळे जड वाटले तर बेकरीतच पोत्यांवर वीस मिनिटे आडवे व्हावे आणि मग निघावे.

तिसरी पायरी: खाणे

याबद्दल थोडक्यात सांगतो. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून कामावर येऊ नये. भट्टीसमोर वाकताना त्याचा जाब पोट विचारते. कामावर येण्याआधी भाकरी-भाजीचे साधे जेवण, मध्यरात्री दोनच्या सुमारास हलका डबा, आणि रात्रभर पाणी, उन्हाळ्यात चिमूटभर मीठ घातलेले ताक. फुटलेला पाव आणि मोडकी खारी रात्रभर तोंडात टाकत राहण्याची सवय लागते. ती पहिल्याच आठवड्यात मोडावी, नाहीतर वर्षात पँट बदलावी लागते.

चौथी पायरी: शरीर सांभाळणे

बेकरीत भाजण्याची भीती सगळ्यांना असते आणि मैद्याच्या धुळीची कोणालाच नसते. खरे तर उलट असायला हवे. मैद्याची बारीक धूळ वर्षानुवर्षे नाकात जात राहिली तर काही जणांना तिची ॲलर्जी होते आणि पुढे दमा लागतो. जगभर या आजाराला बेकरीवाल्यांचा दमा म्हणूनच ओळखतात. ब्रेड मऊ राहावा म्हणून पिठात जे इम्प्रूव्हर घालतात, त्यांतील विकरे, म्हणजे एन्झाइम, ही धूळ अधिक त्रासदायक करतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: कामाच्या दिवशी शिंका, नाक वाहणे, छातीत घुरघुर, आणि सुट्टीत दोन दिवस गावी गेले की सगळे बरे. अशी खूण दिसली तर दुकानातून गोळी आणून वेळ मारून नेऊ नये; ईएसआयच्या दवाखान्यात किंवा सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे आणि डॉक्टरांना आपण बेकरीत काम करतो हे आवर्जून सांगावे, कारण ते सांगितले नाही तर ते साधी सर्दी समजतात. रोजच्या कामात पोते उंचावरून ओतू नये. त्याचे तोंड मिक्सरच्या भांड्यात खाली नेऊन हळू रिकामे करावे. टेबलावर मैदा मुठीने उडवू नये, चाळणीने भुरभुरावा. झाडूऐवजी ओले फडके वापरावे. रिकामी पोती झटकायला सांगितले, तर बाहेर वाऱ्याकडे पाठ करून झटकावीत.

भाजणे बहुधा पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान होते. त्या वेळी शरीराचे तापमान सगळ्यांत खाली उतरलेले असते, लक्ष विरते, आणि तेव्हाही माल भट्टीतून बाहेर काढणे चालूच असते. माझ्या उजव्या हातावर कोपराच्या खाली बोटभर लांबीचा एक डाग आहे. त्या रात्री ट्रॉली ओढताना मी शेजाऱ्याशी बोलण्यासाठी मान वळवली आणि ट्रेची कड हाताला घासून गेली. उस्ताद काही न बोलता मला नळाखाली घेऊन गेले आणि हात तिथेच धरून उभे राहिले. मला वाटले दोन मिनिटांत सोडतील, पण त्यांनी पूर्ण वीस मिनिटे सोडले नाही. तिकडे पावाची एक लादी जास्त लाल झाली तरी चालेल म्हणाले. वीस मिनिटे वाहते पाणी, हाच उपाय आहे. टूथपेस्ट, हळद, बर्फ, शाई यांतले काहीही लावू नये. ओल्या फडक्याने ट्रे कधी धरू नये, कारण ओल्या कापडातून चटका कोरड्यापेक्षा लवकर पोचतो.

अन्न हाताळणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असा अन्न सुरक्षा कायद्याखालील नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती केवळ दाखल्यापुरती होते. आपण मात्र त्या निमित्ताने छाती आणि डोळे नीट तपासून घ्यावेत.

पाचवी पायरी: सुट्टी, सण आणि उचल

साप्ताहिक सुट्टीच्या बाबतीत रात्रपाळीवाल्याला सहज फसवले जाते, आणि फसवणाऱ्यालाही अनेकदा आपण फसवतो आहोत हे कळत नाही. शनिवारी रात्री दहाला आलेला माणूस रविवारी सकाळी सहाला सुटतो. त्याला सांगतात, ‘आज रविवार, सुट्टी,’ आणि रात्री दहाला पुन्हा बोलावतात. ही सुट्टी सोळा तासांची झाली, त्यातले सात झोपेत गेले. पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल तर सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, हा नियम कारखाना अधिनियमाच्या कलम ५७ पासून चालत आलेला आहे. म्हणजे रविवारी सकाळी सहाला सुटलेल्याला सोमवारी सहाच्या आत बोलावता येत नाही, आणि व्यवहारात त्याला सोमवारची रात्रपाळीच मिळायला हवी. हे भांडून नव्हे, कागदावर तास मांडून दाखवावे. मी पाहिलेल्या मालकांपैकी निम्म्यांना ते लगेच पटले.

सण हा बेकरीवाल्याच्या घरातला कायमचा वाद आहे. लोकांची दिवाळी आली की आपल्याकडे नानकटाईची रांग लागते. रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका डबे घेऊन येतात, आपला घाणा आपल्या डोळ्यांदेखत भाजून घेतात, आणि तेव्हा कोणाला लवकर जाता येत नाही. रमजानात पावाची मागणी वाढते, डिसेंबरअखेर केक, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत टोस्ट आणि खारी. याउलट नवरात्रात घरोघरी उपवास असतात आणि ब्रेडचा खप उतरतो. आषाढ-श्रावणात पाऊस लागला आणि पंचगंगेचे पाणी चढले की बाहेरगावची लाईन बंद पडते. नव्याने लागलेल्याने वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर हे दिवस खुणेने मांडावेत, आणि आपल्या गावची जत्रा, बहिणीचे लग्न, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन यांसाठीची रजा मंदीच्या दिवसांत आधीच मागून ठेवावी. आधी मागितलेली चार दिवसांची रजा मिळते. न सांगता केलेला एक खाडा वर्षभर ऐकावा लागतो. दिवाळीची रात्र चुकणारच असेल, तर घरच्यांना ती चुकणार हे महिनाभर आधी सांगावे आणि पाडव्याची दुपार त्यांना नक्की द्यावी.

उचलीबद्दल माझे मत कडक आहे. पहिल्या वर्षात उचल घेऊ नये. उचल घेतलेल्या माणसाला जादा थांबायला ‘नाही’ म्हणता येत नाही, नोकरी सोडता येत नाही, आणि सुट्टी मागताना आवाज खाली जातो. दवाखान्यासाठी घ्यावीच लागली, तर किती महिन्यांत किती रुपये कापायचे ते त्याच दिवशी लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

सहावी पायरी: कामात मन लागणे

सुटण्याची वेळ ठरली, झोप लागली, तरीही काही जणांना काम नकोसे होते, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: दोन-दोन वर्षे माणूस फक्त ट्रे घासतो किंवा फक्त पिशव्या भरतो. बेकरीच्या कामात जी गोडी आहे ती पिठात आणि भट्टीत आहे. मळलेल्या पिठाचा छोटा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला आणि तो न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा दिवा दिसू लागला, तर मळणी पुरी झाली; हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जमते त्या रात्री घरी जाताना पाय हलके असतात. उन्हाळ्यात मळताना पीठ तापू नये म्हणून बर्फाचे पाणी का घालतात, पावसाळ्यात तेच पीठ फुलायला जास्त वेळ का घेते, भट्टीचे दार उघडल्यावर तोंडावर येणाऱ्या झळीवरून ती पावाला तयार आहे की खारीला हे उस्ताद कसे ओळखतात, हे प्रश्न विचारावेत. उस्ताद लोक सहसा शिकवत नाहीत, पण विचारणाऱ्याला हाकलतही नाहीत. त्यासाठी काम आटोपल्यावर थांबू नये, कारण मग सुटण्याची वेळ पुन्हा बिघडते. मळणी चालू असतानाच विचारावे.

तीन महिने झाले की मालकाला नम्रपणे सांगावे की आठवड्यातून एक रात्र मला मिक्सरवर द्या, पुढे एक रात्र भट्टीवर. यात मालकाचाही फायदा आहे, कारण भट्टीवाला आजारी पडला की त्याचा धंदा अडतो. ज्याला कागद हवा असेल त्याच्यासाठी आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हातात कसब असलेल्याला तो सोपा जातो आणि पुढे हॉटेलच्या दिवसपाळीचे दार त्याने उघडते.

आणखी एक गोष्ट करून पाहावी. महिन्यातून एकदा लाईनच्या गाडीवर बसून माल पोचवायला जावे. लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत, मंगळवार पेठेत शटर वर होत असतात, हॉटेलवाला क्रेट उतरवताना वरचा ब्रेड बोटाने दाबून पाहतो आणि मान हलवतो. रात्रभर आत राहणाऱ्या माणसाला आपला माल कोण खातो हे दिसत नाही. त्या मान हलवण्यात ते दिसते.

सातवी पायरी: सहा महिन्यांनी वही उघडणे

पहिल्या दिवशी सुरू केलेली वही सहा महिन्यांनी घेऊन बसावे. ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत सुटलेले दिवस मोजावेत. महिन्यातले वीस-बावीस दिवस तसे निघाले तर ती जागा चांगली आहे, पगार दोनशे-पाचशेने कमी असला तरी सोडू नये. दहाच निघाले तर वही मालकासमोर ठेवावी आणि कोणत्या कामामुळे उशीर होतो ते दाखवावे. बऱ्याचदा दोष एकाच ठिकाणी सापडतो: मैद्याची गाडी सकाळी येते ती संध्याकाळी मागवली, किंवा ट्रे घासायला सकाळचा एक माणूस ठेवला, की सगळ्यांचा दीड तास सुटतो. बोलूनही दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर दुसरी जागा पाहायला लागावे. दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत थांबावे, सोडत असल्याचे निदान पंधरा दिवस आधी सांगावे, जादा तासांचा हिशेब वहीवरून मिटवून घ्यावा, ईएसआयचा क्रमांक टिपून ठेवावा, आणि कोणते काम किती काळ केले हे लिहिलेला अनुभवाचा दाखला बेकरीच्या शिक्क्यासह मागून घ्यावा. नव्या ठिकाणी गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे तोवर वहीनेच शिकवलेले असते.